फाटकाबाहेरचे तास

रविवारी सकाळी गाड्यांच्या आवारावरच्या खोलीत सगळे जमले, तेव्हा पट्टीने टेबलावर नकाशा पसरून ठेवला होता आणि अप्पा नकाशाकडे पाठ करून बसले होते. ही त्यांची जुनी रीत. ज्या गोष्टीला विरोध असे तिच्याकडे ते बघतच नसत, म्हणजे पुढेमागे ‘मी बघितलंच नाही’ असं शपथेवर सांगता येई. घरात पहिला टीव्ही आला तेव्हा सहा महिने त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.

नकाशा गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चारी कोपऱ्यांवर ट्रकच्या चाकाचे नट ठेवले होते. एका टोकाला समुद्र आणि कंटेनर बंदर, दुसऱ्या टोकाला आपलं हे शहर, आणि दोघांना जोडणारी लाल रेघ म्हणजे रस्ता. या घराच्या तीन पिढ्या त्या लाल रेघेवर झिजल्या होत्या. तिच्या शेजारून पट्टीने पेन्सिलीने एक काळी रेघ ओढली होती, आणि गेले चार महिने घरात जो काही अबोला, रुसवा आणि टोमणे चालले होते, ते सगळे त्या पेन्सिलीच्या रेघेपायी.

पट्टी ही अप्पांच्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी ती हाताला लागेल ते मोजत सुटायची, एकदा तर झोपलेल्या आत्याचं नाकही मोजलं होतं, म्हणून पट्टी. आता ती नियोजन कार्यालयात होती आणि बंदरात उतरलेला माल आतल्या भागात कसा पोचावा हे ठरवण्याचं काम करत होती. तिची योजना सांगायला सोपी होती. कंटेनर बंदरातच आगगाडीवर चढवायचे, ते इथे, बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यामागच्या जुन्या रुळांवर आणून उतरवायचे, त्यांची जकातीची तपासणीही इथेच करायची, आणि इथून आसपासच्या कारखान्यांना ट्रकने पोचवायचे. अशा जागेला कागदोपत्री कोरडं बंदर म्हणतात. आत्याने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिथे पोहता येणार नाही का, असं विचारलं होतं, आणि तेव्हापासून तो शब्द घरात कोणालाही गंभीर चेहऱ्याने उच्चारता आला नव्हता.

ती जमीन घरची नव्हती. घरच्या बावीस गाड्या आहेत, हेही पट्टीने कार्यालयात पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. उलट योजना झाली तर त्या बावीस गाड्यांची बंदरापर्यंतची लांब फेरी संपणार होती आणि त्यांना आसपासच्या छोट्या फेऱ्या कराव्या लागणार होत्या. अप्पांची पाठ नकाशाकडे होती ती त्यासाठी.

पण आज पट्टी मन वळवायला आली नव्हती. उद्या सकाळी दहाला समिती बसणार, रेल्वे की रस्त्याचं रुंदीकरण याचा निकाल लागणार, आणि योजना पडणार, हे तिने चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. ज्या वाटेने माल लवकर पोचतो तिला समिती मंजुरी देणार होती. आगगाडीला धावायला पाच तास, चढवणं-उतरवणं आणि गाडी भरायची वाट बघणं धरून एकूण बारा. रस्त्याने नऊ.

“नऊ,” अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी विजयाची मिरवणूक काढली.

आणि का काढू नये? व्यवसायात त्यांना नऊतासे म्हणत. घरच्या प्रत्येक ट्रकच्या मागे ‘बंदर नऊ तासांत’ असं पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. वाहतूकदारांच्या संघाने दिलेली ढाल त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर होती, आणि तिच्याखाली त्रेचाळीस वर्षांच्या फेऱ्यांच्या वह्या कापडी बांधणीत रांगेने उभ्या होत्या. कुठली गाडी कधी निघाली, कधी पोचली. एक दिवस चुकलेला नाही. पट्टीच्या कार्यालयाने रस्त्याचा वेळ याच वह्यांतून उचलला होता, कारण साऱ्या भागात इतकी सलग नोंद दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. थोडक्यात, मुलीची योजना तिच्या घरच्याच वह्यांनी आडवी पाडली होती.

“आता मला एक विचारायचंय,” पट्टी म्हणाली आणि तिने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. “ही गेल्या वर्षीची एक फेरी. आपल्या वहीत गाडी बंदराला पोचली दुपारी तीनला. आणि ही बंदराच्या फाटकावरची नोंद. तीच गाडी, तोच दिवस. फाटकातून आत गेली रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी. मधले सहा तास गाडी कुठे होती?”

पट्टीचे वडील, ज्यांना आवारात सगळे मॅनेजर म्हणत, खिडकी लावायला उठले. खिडकी लावलेलीच होती, तेव्हा त्यांनी ती उघडून पुन्हा लावली. अप्पांचा मुलगा आपल्या नखांत काहीतरी शोधू लागला. शिकाऊ असताना पावलापावलाला ब्रेक दाबायचा म्हणून त्याचं नाव ब्रेक्या पडलं होतं. आता तो चाळिशीचा होता आणि कागदावरची ती गाडी त्यानेच चालवली होती.

गाडी कुठे होती हे त्याला चांगलं माहीत होतं. फाटकाबाहेरच्या रांगेत. पुढे साडेतीनशे ट्रक, दर दहा मिनिटांनी गाडी चालू करायची, एक गाडीभर पुढे सरकायचं, बंद करायची. झोपावं तर मागचे हॉर्न वाजवतात, उतरावं तर नंबर जातो. आणि हे वहीत लिहायचं नाही, हा या घराचा नियम. तो आजोबांनी, म्हणजे अप्पांच्या वडिलांनी, घातला होता, या वह्या सुरू केल्या तेव्हा. चाक फिरतं तेवढंच काम, उभं राहणं म्हणजे काम नव्हे, असं त्यांचं मत होतं, आणि ते असं म्हणत तेव्हा समोरचा आपोआप ताठ बसत असे. म्हणून गाडी रांगेच्या शेपटाला लागली की पोचल्याची वेळ लिहायची, आणि येताना फाटकातून बाहेर पडली की निघाल्याची. मधला काळ या कुटुंबापुरता घडतच नसे. गाडी चालवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, वही भरणाऱ्या मॅनेजरला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल बोलण्याची कधी कोणाला गरज वाटली नव्हती.

शेवटी ब्रेक्यानेच ते सांगितलं, खाली मान घालून, दोन वाक्यांत. पट्टीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. ती याच आवारात टायरांवर उड्या मारत वाढली होती, आणि हे तिला आज कळत होतं. तिला आधी राग आला, मग हसू, आणि मग तिने तिथल्या तिथे मनात बेरीज केली. नऊ आणि सहा. पंधरा.

तिने काय हवंय ते सरळ सांगितलं. पोचल्याची वेळ म्हणजे रांगेच्या शेपटाला लागल्याची वेळ, एवढं एक पत्र, मालक म्हणून अप्पांच्या सहीचं, आणि उद्या दहा वाजता अप्पा स्वतः. त्याशिवाय समिती वह्या जशा आहेत तशाच धरणार, रस्ता रुंद होणार, आणि रुंद रस्त्यावरून आणखी हजार ट्रक त्याच फाटकापुढे जाऊन उभे राहणार.

“माझ्या सहीने माझ्या बापाला खोटं पाडू?” अप्पा म्हणाले. अजून पाठच.

आत्या लगेच त्यांच्या बाजूने झाली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई, पण वडिलांचा विषय निघाला की तिचं गणित बाजूला राही. बाबांचा नियम हा बाबांचा नियम, त्याला हात लावायचा नाही, असं तिने जाहीर केलं. मॅनेजरही तिकडेच झुकले, पण त्यांचं कारण वेगळं होतं. बावीस गाड्यांच्या मागची पिवळी अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत होती. गिऱ्हाईक काय म्हणेल, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तीन विरुद्ध एक झाले. तेवढ्यात ब्रेक्या म्हणाला की गिऱ्हाईक काहीच म्हणणार नाही, कारण गिऱ्हाईक आपले नऊ तास ऐकून घेतं आणि मनातल्या मनात एक दिवस वाढवून कारखान्याचं वेळापत्रक लावतं. हे त्याला तीन कारखान्यांच्या गोदामवाल्यांनी हसत हसत सांगितलं होतं.

“तू तिच्या बाजूने?” मॅनेजरांनी विचारलं. लांबची फेरी गेली तर सगळ्यात जास्त त्याचंच जाणार, अशी सगळ्यांची समजूत होती.

“गेल्या महिन्यात अकरा तास उभा होतो,” ब्रेक्या म्हणाला. “मला आता कोणाच्याही बाजूने चालेल.”

अप्पा यावर काही बोलणार होते, पण खालून काकूंनी जेवायला हाक मारली, आणि काकूंच्या हाकेला उशिरा ओ देण्याची या घरात कोणाची छाती नव्हती.

जेवताना विषय काढायचा नाही असं ठरलं, त्यामुळे दुसरा विषयच कोणाला सुचेना. नुसते चमचे वाजत होते. काकू वाढता वाढता एकेकाचं तोंड बघत होत्या. त्या अप्पांच्या बायको, आणि या घरात पंचेचाळीस वर्षं काढल्यावर त्यांना भांडणाचा विषय वासावरून कळत असे. त्यांनी पट्टीला विचारलं, पट्टीने सांगितलं, आणि काकूंनी भात वाढायचा हात तसाच धरून ठेवला.

“यात एवढं गुपित कसलं?” त्या म्हणाल्या. “वहीप्रमाणे हे दुसऱ्या दिवशी घरी यायला पाहिजे होते. मी यांचा स्वयंपाक तिसऱ्या दिवशीच करत आलेय. कधी वाया गेला नाही.”

ब्रेक्याला ठसका लागला. मॅनेजर ताटात बघून हसू दाबायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. अप्पांनी बायकोकडे असं बघितलं, की जणू घरात इतकी वर्षं कोणी हेर राहत होता.

आणि मग आत्या फितूर झाली. तिला काय झालं कोण जाणे, कदाचित काकूंचा तो साधा सूर ऐकून असेल, पण तिने घास खाली ठेवला आणि आपण सात वर्षांच्या असताना बाबांनी समुद्र दाखवायला ट्रकमधून नेलं होतं, ती हकीकत सांगायला सुरुवात केली. समुद्र तिने पाहिला तो रांगेतून, दोन गोदामांच्या मधल्या फटीतून, बोटभर. पूर्ण दिवस त्या रांगेत गेला. वेळ जावा म्हणून बाबांनी तिच्याकडून पाढे म्हणून घेतले, आणि एकोणतीसपर्यंतचे सगळे पाढे तिचे त्या एका दिवसात पाठ झाले. घरी आल्यावर बाबांनी बजावलं, आईला सांग, लगेच पोचलो. तिने सांगितलं. साठ वर्षं तेच सांगत आली.

“म्हणजे तू गणिताची बाई झालीस ती बंदराच्या कृपेने,” मॅनेजर म्हणाले, आणि मग कोणालाच हसू आवरेना. सगळे हसले, काकू पदराने डोळे पुसत हसल्या. एकटे अप्पा हसले नाहीत. त्यांनी ताटावरून उठून हात धुतले आणि ते आवारात निघून गेले.

आवाराच्या टोकाला एक गाडी दुरुस्तीला उभी होती. अप्पा तिच्या केबिनमध्ये चढून चालकाच्या जागी बसले. गुडघे आता कुरकुरत, पण चढायची पद्धत पायांना पाठ होती. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि नक्की कशाचं ते कळत नव्हतं. बायकोला माहीत होतं याचं की नव्हतं असं इतकी वर्षं आपण धरून चाललो याचं. नऊतासे. पोरं वाकून नमस्कार करताना मनात हसत होती की काय, असा विचार आला आणि त्यांचे कान तापले.

पट्टी दुसऱ्या दाराने चढून शेजारी बसली. तिने काही समजूत वगैरे घातली नाही.

“मला त्या नऊ तासांशिवाय दुसरं काही येत नाही,” अप्पा म्हणाले. “शिक्षण नाही, बोलता येत नाही. नऊ तासांत गाडी नेली, एवढंच आहे माझ्याकडे.”

“ते खरेच आहेत, अप्पा. गाडी तुम्ही नऊ तासांतच नेलीत. त्याला कोण हात लावतंय?” ती म्हणाली. “पुढचे तास बंदराचे आहेत. ते तुम्ही लोकांनी त्रेचाळीस वर्षं आपल्या अंगावर काढलेत. बंदराने कधी त्यांची नोंद ठेवली नाही, कारण फाटकाबाहेरचा ट्रक त्यांच्या लेखी ट्रकच नाही. आणि तुम्ही ठेवली नाही, कारण आजोबा. म्हणून फाटक सुधारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.”

अप्पांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. हे त्यांना कोणी असं सांगितलं नव्हतं.

मग पट्टीने दुसरी गोष्ट सांगितली, जी तिला स्वतःलाही जेवताना सुचली होती. गाडी शेपटाला कधी लागली ही वेळ जगात कुठेच लिहिलेली नाही. ती फक्त आपल्या वह्यांत आहे, मिनिटासकट. फाटकावरच्या नोंदी बंदराकडून मिळतात. दोन्ही शेजारी ठेवले आणि वजाबाकी केली, की रांगेचा सगळा हिशेब उभा राहतो. आजोबांनी जी गोष्ट लपवायला नियम घातला, ती त्याच नियमामुळे सिद्ध होत होती.

“म्हणजे बाबा खोटे पडत नाहीत?”

“एकही आकडा खोडावा लागत नाही.”

मग अप्पांनी पत्र कोण लिहिणार ते विचारलं, आणि मॅनेजरला देऊ नकोस, त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं बजावून ते खाली उतरले.

दुपारभर वरच्या खोलीत नुसता गोंधळ होता. बंदराकडे मागच्या आठ वर्षांच्या फाटकनोंदी होत्या आणि त्या पट्टीच्या संगणकात होत्या. ब्रेक्या वहीतून वेळ वाचायचा, पट्टी फाटकाची वेळ सांगायची, आत्या डोळे मिटून वजाबाकी करून उत्तर फेकायची, मॅनेजर लिहायचे. संगणकाने हे काम एका क्षणात होईल असं पट्टीने एकदा सुचवून पाहिलं, पण आत्याने तिच्याकडे असं बघितलं, की तिने पुन्हा नाव काढलं नाही. वह्या फळीवरून काढून द्यायचं आणि परत ठेवायचं काम अप्पांनी आपल्याकडे घेतलं. संध्याकाळपर्यंत सहाशे फेऱ्या झाल्या. सरासरी थांबा साडेसहा तास निघाला. मॅनेजरांनी तो आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती चौकोन केला, आणि मग त्यांना एकदम आठवलं की आपणही तरुणपणी तीन वर्षं गाडी चालवली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

सोमवारी दहाला समितीच्या खोलीत अप्पा ठेवणीतला सदरा घालून बसले. काकू म्हणाल्या होत्या, मी नाही येत, मला कशाला; आणि सगळ्यांच्या आधी तयार होऊन रिक्षात बसल्या होत्या. त्या, आत्या आणि मॅनेजर मागच्या बाकावर होते. ब्रेक्या अप्पांच्या शेजारी बसला होता, कारण अप्पांना एका कानाने कमी ऐकू येई.

अध्यक्षबाई शांत होत्या आणि भराभर पानं उलटत होत्या. पट्टीने पत्र वाचून दाखवलं, तक्ता समोर ठेवला. रस्ता साडेपंधरा, रेल्वे बारा. बंदराच्या बाजूने एक साहेब आले होते, त्यांनी हात वर केला आणि आमच्या नोंदीप्रमाणे ट्रक सरासरी चाळीस मिनिटांत आत-बाहेर होतो, असं सांगितलं.

“बरोबर आहे,” अप्पा म्हणाले. “फाटकाच्या आत चाळीस मिनिटंच लागतात. तुम्ही लोक चांगलं काम करता. बाहेर आम्ही तुमचे कोणी नसतो.”

ते इतक्या सरळपणे म्हणाले की साहेबांना त्यात भांडण सापडेना. त्यांनी हात खाली घेतला. रेल्वेच्या माणसाने बारा तास नक्की पाळता येतील का, या प्रश्नावर मान डोलावली, मग आणखी जोरात डोलावली. अध्यक्षबाईंनी दोन-तीन गोष्टी विचारून घेतल्या आणि पेनाचं टोपण काढलं. काळी रेघ पुढे जाणार हे पट्टीला त्या टोपणावरून कळलं. तिने टेबलाखाली स्वतःचा हात घट्ट धरला.

“एक राहिलं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “सरासरी कळली. सगळ्यात मोठा थांबा किती? नोंदीपुरतं. अंदाजे सांगितलं तरी चालेल.”

“सतरा तास,” अप्पा म्हणाले. ते एका क्षणात म्हणाले, आठवावंही लागलं नाही. मग त्यांनी तारीख सांगितली, महिना, साल. “दुपारी तीनला शेपटाला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आत गेलो.”

ब्रेक्या त्यांच्या शेजारी अगदी स्थिर बसला. ती त्याच्या जन्माची तारीख होती.

सोळा वर्षांचा असताना त्याने ती वही फळीवरून काढून पाहिली होती. त्या दिवशी अप्पा बंदराला पोचले होते दुपारी तीनला. मुलगा झाल्याचा निरोप बंदराच्या कचेरीत चारला गेला होता, हे त्याला आईकडून माहीत होतं. आणि अप्पांचा फोन आला होता दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला. पुढे स्वतः गाडी चालवायला लागल्यावर त्याने मनातल्या मनात रांगेचे सहा तास धरून पाहिले होते, सात धरून पाहिले होते. तरी रात्री दहाला फोन करता आला असता. या गोष्टीबद्दल तो कधी कोणाशी बोलला नव्हता, बायकोशीसुद्धा नाही. बापाला आपलं कौतुक नव्हतं असं त्याने धरून टाकलं होतं आणि त्यावर तो बरा चाललाही होता.

“तारखेची खात्री आहे?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“पक्की आहे. मुलगा झाला त्या दिवशी.” अप्पांनी अंगठ्याने शेजारी खूण केली. “हा. समोरून येणाऱ्या एका गाडीवाल्याने ओरडून सांगितलं. खाली उतरलो असतो तर नंबर गेला असता, मग घरी यायला आणखी एक दिवस.”

समितीतले लोक हसले, ब्रेक्याकडे कौतुकाने बघू लागले. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि जे सुचलं ते तो म्हणाला.

“साडेसतरा लिहा, बाई. आत गेल्यावर फोनपाशीही रांग असणार. घरी फोन साडेआठला आला होता.”

अप्पांनी मान वळवून मुलाकडे बघितलं. त्याला ही वेळ माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पट्टीने सतराच्या पुढे काय लिहायचं म्हणून पेन्सिल उचलून धरली होती.

“नको,” अप्पा म्हणाले. “तो अर्धा तास बंदराच्या नावावर नको. फोन मोकळाच होता.” त्यांनी सदऱ्याची कड ओढून सरळ केली. “काय बोलायचं ते ठरत नव्हतं मला.”

मागच्या बाकावर काकूंनी आत्याचा हात धरला. पट्टीने सतराच ठेवले.